उजव्या पाकळीचं कॉलेज

शनिवार, ३० मे १९८७
सर्वण

खाणीच्या ऑफिसातून यांना दरसाल एक जाडजूड डायरी मिळते. वर मशीनचं चित्र, आत रोज एक पान. हे ती कौतुकाने माझ्या हातात देतात आणि मी ती डब्यांच्या फळीवर ठेवून देते. यंदाचीही जानेवारीपासून कोरीच पडली होती. आज गोव्याचं राज्य झालं. डिचोलीत कमानी, लाऊडस्पीकर, पोरांना पेढे. मनात आलं, एवढं मोठं काहीतरी सुरू होतंय, तर आपणही काहीतरी सुरू करावं.

हे पाळी संपवून आले ते लाल धुळीने माखलेले. "राज्य जाला मां? मगे आता आमच्या नळाक पाणी येतला," म्हणाले. पाणी काही आलं नाही. शेवटी विहिरीवरच आंघोळ केली.

आम्ही बोलतो एक आणि लिहितो दुसरं. शेजारची शेवंती कोकणी बोलते, हे सीमेपलीकडचे म्हणून मालवणी बोलतात, मी धारगळची म्हणजे अधलीमधली, आणि लिहायला बसलं की हात मराठीच लिहितो. गेलं वर्षभर कोकणी की मराठी यावरूनच बसगाड्या अडवल्या, टायर जाळले. शेवंतीच्या आणि माझ्या घरातलं उसनं मीठ मात्र एक दिवस थांबलं नाही.

प्राजक्ताचा बारावीचा निकाल आठवड्यात येईल. एकुलती एक लेक. तिने कॉलेजात जावं हे ती पाळण्यात असल्यापासून मी बोलत आलेय.

शुक्रवार, ५ जून

पास! सेकंड क्लास. पाववाल्या पोदेराकडून जास्तीचे उंडे घेतले, चण्याची उसळ केली. शेवंतीला वाटीभर नेऊन दिली तर म्हणे, "आतां खंय घालतली गो तिका?" मी म्हटलं, बघू. बघू कसलं, माझं ठरलेलंच आहे.

मयेच्या तळ्याकडे, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत, तीन वर्षांपूर्वी एक लहानसं कॉलेज निघालंय. नुसतं आर्ट्सचं. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान. बसमधून दिसतं. कौलं, लांब व्हरांडा, व्हरांड्यात बाकं, बाकांवर मुलंमुली वाद घालत बसलेली. गेल्या पावसाळ्यात बस तिथे पंक्चर झाली होती. सगळे ड्रायव्हरच्या नावाने बोंबलत होते आणि मला वाटत होतं की या माणसाने सावकाश चाक बदलावं. आतून कोणीतरी मोठ्याने काही वाचत होतं. काय ते ऐकू आलं नाही, पण सूर अजून कानात आहे.

रविवार, ७ जून

शेवंतीचा योगेश म्हापशाच्या मोठ्या कॉलेजात कॉमर्सला आहे. त्याला मुद्दाम बोलावून चहा पाजला आणि अनुभव विचारला. म्हणाला, "बरें आसा, मावशी." वर्गात किती मुलं? "मोजूंक नात." सर नावाने ओळखतात? हसायलाच लागला. "सर खंय, हांवूय सरांक पुराय वळखना." पण पुढे बँकेच्या परीक्षा देता येतात, टायपिंग शिकता येतं, असं सगळं सांगत बसला. प्राजक्ता दाराशी उभी राहून ऐकत होती. मग त्याला खोदून खोदून विचारू लागली. अकाउंट्स कठीण असतं का, पहिली बस किती वाजताची, मुली किती. तिचा स्वभावच चौकस. नको त्या गोष्टीचीही माहिती काढून ठेवते.

यांचं मत म्हापशाकडे. "थंय नोकरी तरी गावतली." मी म्हटलं, नोकरी म्हणजे सगळं नव्हे. "मगे काय ता सांग," म्हणाले. भाकरी करपत होती म्हणून मी उठले.

गुरुवार, ११ जून

आज तळ्याकडच्या कॉलेजात जाऊन आलो. पत्रक काढलं होतं, आई-वडिलांनी यावं, आमच्या मुलांशी बोलावं, मग ठरवावं. यांनी पाळी बदलून घेतली. मी मोतिया रंगाचं पातळ नेसले. हे म्हणाले, "बारशाक चललंस काय?" मी दुर्लक्ष केलं.

गुरुदास सर म्हणून आहेत, तेच प्राचार्य आणि तेच इतिहास शिकवतात. सडपातळ, बाहीला खडूची भुकटी. म्हणाले, "मी काही सांगणार नाही. दुकानदार आपल्या मालाला वाईट म्हणेल का? तुम्ही मुलांना विचारा. मी असलो की ती घाबरतील, म्हणून मी बाहेर जातो." आणि खरंच छत्री घेऊन तळ्याकडे निघून गेले. मला ते फार आवडलं.

साईश नावाचा मुलगा उभा राहिला. पहिलं वाक्य हेच, "हांगा येवन कोण इंजिनियर जावचो ना, हें पयलींच सांगतां." सगळे हसले. मग एकेक सांगू लागला. वीज जाते. कँटीन नाही, एक गाडा आहे, भजी आणि पाव मिळतो. पणजीला स्पर्धेला गेलं की कॉलेजचं नाव दोनदा सांगावं लागतं. सर इंग्रजीत सुरू करतात, कोकणीत समजावतात आणि मुलं मराठीत लिहून घेतात. इतिहासाच्या वर्गात चौघंच. एक आला नाही तर सर संध्याकाळी घरी हजर. डिचोलीचे एक दुकानदार गृहस्थ म्हणाले, "चवगांचें कॉलेज? ही शिकवणी जाली." साईश म्हणाला, "हय, तशेंच." मी विचारलं, तरी आलास का? म्हणाला, "पयलीं हांव म्हापशाक वतालों. थंय हांव आसां काय ना, हें कोणाक कळनाशिल्लें. हांगा कळटा."

मग एक मुलगी, स्नेहा. तिसऱ्या वर्षाची. धारगळची निघाली, म्हणजे माझ्या माहेरची! ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहून ठेवते. "पयल्या वर्सा मी तोंड उघडूक नाय. सर विचारीत आणि वाट बघत रवत. मी गप, तरी ते रवत. शेवटाक एक दिवस बोललंय. आणि माझा बोलून संपासर कोण मधी बोलूक नाय. घरात माझा एक वाक्य कधी पुरा जाला नाय, काकी."

यांनी विचारलं, "पुढे काय करतलंस? नोकरी?" ती म्हणाली, "माका ठावक नाय, काका. त्याची भिती वाटता." हे नंतर मला म्हणाले, "चेडू खरा बोलता."

मी बरंच काही विचारलं. खिडकीकडे बसायला मिळतं का, पुस्तक घरी नेता येतं का, उत्तर चुकलं तर सर काय म्हणतात, इतक्या वर्षांनी शिकायला बसलं तर डोक्यात शिरतं का. शेवटच्या प्रश्नावर स्नेहा जरा गोंधळली. यांनी माझं कोपर ओढलं. "पुरे आता. परीक्षा काय तुका देवची आसा?"

प्राजक्ताने एकच प्रश्न विचारला, डिचोलीला जाणारी बस किती वाजता आहे. तिचा टायपिंगचा क्लास होता. साऱ्या वेळात चारदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं असेल. लाजते पोर. चारचौघांत बोलायला घाबरते, माझ्यावरच गेलीय.

येताना ग्रंथालय पाहिलं. एकच खोली, खुर्च्या म्हणजे आमची कदेलं एकासारखी दुसरी नाही, कोणी कोणी घरची दिलेली. एका कदेलावर बसून पाहिलं. जनेलातून तळं दिसतं.

शुक्रवार, १२ जून

पेज रटरटत होती तरी माझं लक्ष नाही. "माझा बोलून संपासर कोण मधी बोलूक नाय."

मी मॅट्रिक झाले तेव्हा मास्तर घरी आले होते. म्हणाले, हिला पुढे शिकवा. कॉलेज म्हापशाला. वडील म्हणाले, सांजेला पोर कोणाबरोबर परत येणार? मास्तरांनी पुढे काय म्हणायचं होतं ते म्हटलंच नाही, चहा पिऊन गेले. वर्षभरात माझं लग्न झालं. हे चांगलेच मिळाले, तक्रार नाही. पण मास्तर थोडा वेळ आणखी बसायला हवे होते असं अजून वाटतं.

असो. हे सगळं लेकीसाठी सांगतेय.

रविवार, १४ जून

आज ठिणगी उडाली. हे म्हणाले म्हापसा, मी म्हणाले मये. हे म्हणाले, चौघांच्या कॉलेजात पोरीला टाकायची म्हणजे विहिरीत ढकलायची. मी म्हणाले, हजारांच्या कॉलेजात टाकायची म्हणजे समुद्रात. प्राजक्ता म्हणाली, "आई, म्हजें आयक मगो..." मी म्हटलं, तू गप्प बस, मी तुझ्याच बाजूने भांडतेय. ती गाईला चारा घालायला गेली.

शेवटी हे म्हणाले, "देवाक विचारूया." यांचं हे नेहमीचंच. यांनी खाणीवरची नोकरी धरली तीही कौल घेऊन, घर बांधलं तेही, एवढंच काय, गाय घेतली तीही. मी चिडवते की तुमच्या रवळनाथाला जरा सुट्टी द्या. पण आज मलाही बरं वाटलं. माणसांशी भांडून दमले होते.

सोमवार, १५ जून

पहाटेच्या गाडीने निघालो, आम्ही दोघंच. प्राजक्ताचा क्लास. सीमेवरचं पत्रादेवी ओलांडून यांच्या गावी पोचलो. वाटेत धारगळ लागलं. गाडी थांबली नाही, पण शाळेचं छप्पर दिसलं.

देवळात जयराम गुरव होते. यांनी सगळी हकिगत सांगितली. दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन्ही अंगांना लावल्या. उजवी पडली तर जावं, डावी पडली तर नको. "नाव सांगा," गुरव म्हणाले. मी हात जोडून डोळे मिटले होते. नाव सांगितलं. मग गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या विमला नावाचा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा."

"होय म्हाराजा!"

"ह्या लेकराच्या मनात त्या तळ्याकडल्या कॉलेजात शिकूक जावचा आसा. पण मनात भिती आसा, घरात दोन मता आसत. तर तू राखणदार. जा म्हणतंस तर उजवो दी, नको म्हणतंस तर डावो दी. आणि वाटेत काय वायट-वंगाळ आसात ता भायरच्या भायर घालव!"

"होय म्हाराजा!"

"होय म्हाराजा" म्हणणारे हे एकटेच. पहिल्या खेपेला यांचा आवाज मोठा होता, दुसऱ्या खेपेला जरा उशिराच आला. घसा धरला असेल. माझ्या डोळ्यांतून घळघळ पाणी. का ते कळेना. गुरवांच्या तोंडून ते शब्द ऐकताना असं वाटलं की आपल्या मनातलं कोणीतरी पहिल्यांदा मोठ्याने बोललं.

मी डोळे पुसेपर्यंत उजवी पाकळी पडलेली! गुरव म्हणाले, "देवान येळ लावक नाय."

येताना गाडीत हे खिडकीतून बाहेर बघत बसले. हरले म्हणून रुसले असणार. मी बांद्याला घेतलेल्या चुरमुऱ्यांची पुडी पुढे केली तर एकच मूठ घेतली. आणखी घेईनात, बाकीचे मीच खाल्ले.

मंगळवार, १६ जून

प्राजक्ताला सांगितलं. म्हणाली, "बरें." एवढंच. देवापुढे कोण काय बोलणार! डिचोलीला जाऊन तिच्यासाठी कापड आणलं, फिकट निळं. शाई सांडली तर दिसणार नाही असं. वर्गात कुठे बसायचं, पहिल्या दिवशी काय विचारायचं, सगळं तिला समजावलं. म्हटलं, खिडकीजवळ बस. ती शिलाईच्या मशीनकडे बघत राहिली. दमली असेल.

शेवंती म्हणाली, "विमल, तूंच चड खोशी दिसता." म्हटलं, आई आहे मी.

गुरुवार, १८ जून

आज काय लिहू.

जेवताना यांनी बांगड्याचा काटा बाजूला काढला आणि म्हणाले, "विमल, एक विचारू? देवाक तू नाव कोणाचा सांगलंस?"

"कोणाचं म्हणजे? पोरीचं."

"नाय. तुझा."

मी हसले. म्हटलं, काहीतरीच. हे हसले नाहीत. मी जेवण टाकून उठले, डायरी काढली, सोमवारचं पान उलटलं. माझ्याच अक्षरात. विमला नावाचा लेकरू. तेव्हा ऐकलं, लिहिलंही, आणि कळलं नाही. मूर्ख बाई.

"मग तिथल्या तिथे बोलला का नाहीत?" मी ओरडले.

"गाऱ्हाणा मधीच तोडूचा नसता."

म्हटलं, चला, उद्याच परत जाऊ, पोरीचं नाव सांगू. हे म्हणाले, दिलेला कौल परत मागत नाहीत, देव काय शेवंतीचं दार आहे का पुन्हा पुन्हा ठोठावायला. म्हणजे पोरीसाठी देवाने काही सांगितलंच नाही! ॲडमिशनची मुदत संपत आलेली. मी रडकुंडीला आले. म्हटलं, माझ्यामुळे पोरीचं वर्ष जाईल.

तेव्हा प्राजक्ता बोलली. ताटावरून नजर न काढता. "आई, देवान बरें केलें. माका मयेंच्या कॉलेजांत वचपाचें ना. माका म्हापशाक वचून कॉमर्स करपाचें आसा. टायपिंगाचो क्लास हांव कित्याक करतां? माका म्हजी नोकरी जाय, म्हजे पयशे जाय. माका हांव म्हूण कोणें वळखलें ना तरी चलता."

"मग आधी का सांगितलं नाहीस?"

"सांगपाक गेल्लें. तूं इतल्या खोशयेन उलयताली. मधींच कशें तोडूं?"

तिघंही बसून राहिलो. हात वाळले. स्नेहाला जे घरी मिळालं नव्हतं ते मला या दोघांनी इतके दिवस दिलं, आणि मी त्यांना एक वाक्य पुरं करू दिलं नाही. हे मला आता लिहिताना सुचतंय. तेव्हा नुसतं वाईट वाटलं.

शनिवार, २० जून

हे प्राजक्ताला घेऊन म्हापशाला गेले. फॉर्म भरला. ती परत आली तेव्हा चेहरा इतका उजळला होता की मी तिला बऱ्याच दिवसांत नीट बघितलंच नव्हतं असं वाटलं. म्हणाली, कॉलेजचा जिना केवढा मोठा, आई! सांजेच्या गाडीला मुलींची गर्दी असते, भीती नाही.

वीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना हे कोणी सांगितलं असतं तर. म्हापशाचं ते दार मला उघडलं नाही, तिला उघडलं. यात आनंदच आहे. आनंद झाला. मग गोठ्यात जाऊन थोडं रडून आले. गाय बघत होती, तिला सवय आहे.

बुधवार, २४ जून

निळं कापड कपाटात ठेवलं. विशेष काही नाही.

रविवार, २८ जून

आज हे वेगळंच काही घेऊन बसले. चहा संपवला, बशी पालथी घातली. "मगे तू कधी जातलंस?"

"कुठे?"

"कॉलेजात."

मी म्हटलं, थट्टा पुरे झाली. पण यांचं तोंड थट्टेचं नव्हतं. "देवान तुका जा म्हणान सांगला. कौल घेवचो आणि पाळूचो नाय, ह्या आमच्यात चलना नाय. माका खाणीवर मशीन चालवूक भ्या वाटता आता." खरंच, आठवडाभर हे कामावर निघताना देवाच्या तसबिरीपुढे दोन मिनिटं जास्त उभे राहतात. मी ते प्राजक्तासाठी समजत होते.

मी हजार कारणं सांगितली. अडतीस वर्षांची घोडी. मॅट्रिकवर तिथे घेत नाहीत. स्वयंपाक कोण करणार, गाईची धार कोण काढणार? लोक काय म्हणतील, शेवंती तर ढोल पिटेल. हे शांतपणे ऐकत बसले. मी बोलून संपले तेव्हा म्हणाले, "जाला? आता माझा ऐक. एक दिवस तरी जाऊन बस. देवाचो शबद रवतलो. गाय मी काढतंय."

"तुम्ही? तुम्हाला लाथ मारील ती."

"मारूंदे."

प्राजक्ता दाराआड हसत होती. म्हणाली, नाहीतरी त्यांना कळवायला हवंच ना, मी येत नाही म्हणून. सरांनी त्या दिवशी माझं नाव लिहून घेतलं होतं. कोणीतरी जाऊन सांगायला पाहिजे.

हे मला पटलं. निरोप द्यायला जाणं वेगळं. त्यात लोकांनी बोलण्यासारखं काही नाही.

गुरुवार, २ जुलै

गेले होते.

सकाळी गाईने यांना लाथ मारलीच. तरी चरवी भरून आणली, अर्धी सांडून. प्राजक्ताने मला डबा दिला. मुलं शाळेत निघताना देतात तसा. कपाटातल्या निळ्या कापडाचा ब्लाउज तिने गुपचूप माझ्या मापाने शिवून घेतला होता! म्हणाली, "शाई सांडली तरी दिसपाची ना."

तळ्याकडे उतरले तेव्हा वर्ग सुरू झाला होता. व्हरांड्यात थांबून सर बाहेर येण्याची वाट बघायचं ठरवलं. तेवढ्यात नव्या मुलांच्या सोबतीला आत बसलेल्या स्नेहाने जनेलातून पाहिलं आणि मला आत बोलावलं. सर म्हणाले, "या, बसा. तास संपला की बोलू." खिडकीकडची जागा रिकामी होती. मी मुद्दाम नाही निवडली, तीच रिकामी होती.

नव्या मुलांचा पहिला तास होता. सर शिकवत नव्हते. प्रत्येकाला उभं करून एकच विचारत होते, नाव सांगा आणि इथे का आलात ते सांगा. एक मुलगा म्हणाला, दुसरीकडे ॲडमिशन मिळाली नाही म्हणून. सर म्हणाले, चांगलं कारण आहे. एक मुलगी म्हणाली, घरापासून जवळ. एकाने काहीच सांगितलं नाही. सर वाट बघत राहिले, मग म्हणाले, उद्या सांग. आणि पुढच्याकडे वळता वळता माझ्यापर्यंत पोचले.

मला वाटलं मला वगळतील. वगळलं नाही. "नाव?"

मी उभी राहिले. डोळे या खेपेला उघडेच ठेवले. प्राजक्ता कृष्णनाथ धुरी, ती येणार नाही, असं वाक्य बसमध्ये घोकत आले होते.

"विमला," मी म्हटलं.

"इथे का आलात?"

मागे कोणाचं तरी बाक करकरलं. बाहेर गाड्यावर भजी तळल्याचा वास येत होता. घोकलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. आणि माझ्या तोंडून कागदावरची भाषासुद्धा निघाली नाही, धारगळची निघाली.

"माका येवचा होता," मी म्हटलं. "लय वर्सा जाली. माका येवचा होता."

कोणी हसलं नाही. मी खाली बसणार, एवढ्यात पाहिलं तर सर अजून माझ्याकडेच बघत होते. आणखी काही आहे का, असं. सगळी पोरं वळून थांबली होती. कोणी मध्ये बोललं नाही.

आणखी होतं. मास्तरांचा चहा होता, पंक्चर झालेली बस होती, शाळेचं छप्पर होतं. मी सांगत गेले. कधी संपलं ते कळलं नाही. संपलं तेव्हा सर म्हणाले, "बसा, विमलाताई." मग साहजिकच पुढच्या मुलाला विचारलं, आणि तो म्हणाला, मलाही यायचं होतं, आणि त्यावर मात्र सगळे हसले, मीसुद्धा.

तासानंतर सरांनी सांगितलं की पदवी वगैरे काही नाही, त्याला बारावी लागते. ते मला ठाऊकच होतं. मी हो हो म्हटलं. मग तळ्याकाठी स्नेहाबरोबर डबा खाल्ला. चपाती-भाजीच, पण घरी कधी अशी लागली नाही.

घरी आले तर हे पायाला हळद लावून बसलेले. भात तळाशी लागलेला. प्राजक्ता अकाउंट्सचं नवं पुस्तक घेऊन ओट्यावर. दोघांनी एकदमच विचारलं, कसं झालं? मी सगळं सांगितलं, अगदी भज्यांच्या वासासकट. कोणी मध्ये बोललं नाही.

मग यांनी विचारलं, "आणि चेडू येवचा नाय म्हणान ता सांगलंस मां?"

मी तोंडावर हात ठेवला. तेच सांगायला गेले होते, आणि तेच राहिलं.

हे भिंतीकडे तोंड करून हसत होते, खांदे हलत होते. म्हणाले, "मगे परत जावक होया."

आता काय करणार. निरोप तर द्यायलाच हवा. सरांनी त्या पोरीसाठी जागा ठेवली असेल. पुढच्या गुरुवारी जाऊन सांगून येते.